रिकाम्या वर्कस्पेसवरची तारीख

प्रोग्रॅमिंगच्या भाषेला नेमकी जन्मतारीख सहसा नसते. ती कुणाच्या तरी फळ्यावर, वहीत, अर्धवट चालणाऱ्या कंपायलरमध्ये हळूहळू आकार घेते, आणि सुरुवात कुठून मोजायची ते मागाहून आलेले लोक ठरवतात. एपीएलचं तसं नाही. आयबीएमच्या एपीएल प्रणालीत ‘क्लीनस्पेस’ नावाचं एक वर्कस्पेस होतं. आत काहीच नाही; ना व्हेरिएबल, ना फंक्शन. पण ते उघडलं की साठवल्याची तारीख छापली जाई : २७ नोव्हेंबर १९६६. यंत्रं बदलली, आवृत्त्या बदलल्या, तरी हे रिकामं वर्कस्पेस एका प्रणालीतून दुसरीत जसंच्या तसं नेलं गेलं. एपीएलची मंडळी हाच भाषेचा वाढदिवस मानतात.

मी पोटासाठी पायथन लिहिते. नमपाय वापरून अख्ख्या अ‍ॅरेवर एका ओळीत गणित करते, लूप न लिहिता. ही पद्धत आली कुठून, याचा माग काढत गेलं की एपीएलचं घर लागतं.

गंमत म्हणजे ही भाषा मुळात यंत्रासाठी नव्हतीच. केनेथ आयव्हर्सन हार्वर्डमध्ये शिकवत असताना त्यांनी अल्गोरिदम नेमकेपणाने मांडण्यासाठी एक चिन्हलिपी रचली. १९६० मध्ये ते आयबीएममध्ये गेले आणि १९६२ मध्ये ‘अ प्रोग्रॅमिंग लँग्वेज’ हे पुस्तक आलं. त्याच्याच आद्याक्षरांवरून पुढे एपीएल हे नाव पडलं. १९६४ मध्ये आयबीएमच्या सिस्टिम/३६० या संगणकाचं औपचारिक वर्णन याच लिपीत छापलं गेलं. यंत्रावर चालणारा पहिला इंटरप्रिटर मात्र १९६५चा : लॅरी ब्रीड आणि फिलिप एब्रॅम्स यांनी आयबीएम ७०९० साठी लिहिलेला. त्यानंतर आली टर्मिनलवर बसून वापरता येणारी एपीएल\३६०.

पुस्तकातली चिन्हं टर्मिनलवर आणताना तडजोडी कराव्या लागल्या. टर्मिनल म्हणजे सिलेक्ट्रिक जातीचं टाइपरायटर. त्याच्या गोळ्यावर फक्त ८८ चिन्हं मावत. छापील पुस्तकातले ठळक टाइप, वर-खाली लिहिलेले अंक हे सगळं एका सरळ ओळीत बसवायचं होतं. मग युक्ती निघाली : वर्तुळ टाइप करा, एक घर मागे या, त्यावरच उभी रेघ मारा, की तिसरंच चिन्ह तयार. जोडाक्षरांत वाढलेल्या आपल्याला यात नवल वाटू नये. आज एपीएल शिकणाऱ्याला ही चिन्हं लहरी वाटतात, कारण समोर असतं ते फक्त शेवटचं रूप. त्यामागचा गोळा आणि ती बॅकस्पेसची कळ समजायला जुन्या आवृत्त्यांकडेच जावं लागतं.

२०१२ मध्ये कॅलिफोर्नियातल्या कॉम्प्युटर हिस्टरी म्युझियमने आयबीएमच्या परवानगीने एपीएल\३६०चा सोर्स कोड खुला केला, फक्त बिगरव्यावसायिक वापरासाठी. सदतीस हजारांहून अधिक ओळी, ३६०च्या असेम्ब्लीत. तोही १९६९ ते १९७२ या काळातला. म्हणजे भाषेच्या वाढदिवसानंतरची काही वर्षं त्यात आधीच मुरलेली आहेत.

बरं, कोड हातात आला म्हणून भाषा हातात आली का? असेम्ब्ली चालायला ३६० हवा, तो आता कुणाच्या घरी आहे? म्हणून लागतं हर्क्युलिससारखं सॉफ्टवेअर, जे आजच्या लॅपटॉपवर त्या जुन्या यंत्राची नक्कल करतं. अशी जोडणी करून उत्साही लोकांनी हा कोड पुन्हा चालता केला आहे. पुढचा प्रश्न चिन्हांचा. एपीएलच्या खास चिन्हांना युनिकोडमध्ये जागा मिळाली ती १९९३ मध्ये. तोवर प्रत्येक प्रणालीचं स्वतःचं कोष्टक. कोष्टक हरवलं की फाइल शाबूत असूनही वाचता येत नाही. युनिकोडपूर्व फॉन्टमध्ये टाइप केलेला मराठी लेख ज्यांनी कधी उघडून पाहिलाय, त्यांना हे वेगळं सांगायला नको.

आणि माणसं? आयव्हर्सन २००४ मध्ये गेले, त्यांचे सहकारी एडिन फॉकॉफ २०१० मध्ये, लॅरी ब्रीड २०२१ मध्ये. अमुक चिन्ह का निवडलं, तमुक का सोडलं, हे कोडच्या ओळींत क्वचितच लिहिलेलं असतं. एपीएलचं नशीब एवढं की या लोकांनी भाषा कशी घडली हे लेखांत आणि भाषणांत सांगून ठेवलं. उजवीकडून डावीकडे गणित का करायचं, ‘तीन गुणिले चार अधिक पाच’चं उत्तर १७ न येता २७ का, याचं कारण आज वाचता येतं : फंक्शन्स इतकी होती की कुणाला अग्रक्रम द्यायचा याचं कोष्टक पाठ करणं शक्यच नव्हतं.

आमच्या पिढीला वाटतं, गिट आहे, सगळं जपलेलं आहे. गिट बदल जपतं. ज्या यंत्रावर ते बदल चालले ते यंत्र, ज्या अक्षरांत ते लिहिले ती लिपी, आणि का केले याचं उत्तर देणारी माणसं हे सगळं वेगळं जपावं लागतं. मराठीसाठी युनिकोडच्या आधी कीबोर्ड, फॉन्ट आणि प्रोग्रॅम लिहिणारे बरेच जण अजून आपल्यात आहेत. त्यांच्या कपाटातल्या फ्लॉपीवर काय आहे आणि ते तसं का लिहिलं, हे त्यांना विचारायचं असेल तर आत्ताच विचारायला हवं.