आतली वाट

दिवाळी अंकात बर्फावरच्या शर्यतीची हकीकत कशाला, असे एखादा वाचक विचारील. प्रश्न रास्त आहे. आपल्याकडे बहुतेक ठिकाणी पाणी गोठते ते शीतकपाटात, आणि बर्फाशी आपला संबंध सरबतापुरता. तरीही ही हकीकत मला सांगावीशी वाटते, कारण तिच्यात बर्फ थोडा आणि माणूस फार आहे. निकालाच्या कागदावर तिची नोंद एवढीच सापडते : स्वेन क्रॅमर, नेदरलँड्स, बाद.

नेदरलँड्स हा कालव्यांचा देश. थंडी कडक पडली की कालवे गोठतात आणि लहानथोर सारे पायांत पोलादी पाती बांधून घराबाहेर पडतात. फ्रिसलंड प्रांतात तर अकरा गावांना जोडणारी सुमारे २०० किलोमीटरांची एक शर्यत १९०९ पासून चालत आली आहे. मात्र बर्फ पुरेसा जाड धरला तरच ती होते. १९९७ नंतर तसा योगच आलेला नाही. याच प्रांतात, हेरेनवेन या गावी, १९८६ साली क्रॅमर जन्मला. त्याचे वडील येप क्रॅमर हेही ऑलिंपिकमध्ये उतरलेले स्केटिंगपटू. कोल्हापुरात पहिलवानाच्या घरी जन्म घ्यावा, तसेच हे झाले.

आता शर्यतीचा नियम समजून घेतला पाहिजे, कारण सारे नाट्य त्यातच दडले आहे. बर्फाचा मार्ग ४०० मीटरांचा, लांबट वर्तुळाकार. त्यावर दोन पट्ट्या, एक आतली, एक बाहेरची. एका वेळी दोघेच धावतात आणि खरी झुंज घड्याळाशी असते. आतली पट्टी साहजिकच जवळची. म्हणून न्याय असा, की प्रत्येक फेरीत एका ठरलेल्या सरळ भागात दोघांनी पट्ट्यांची अदलाबदल करायची. आत असेल त्याने बाहेर जायचे, बाहेर असेल त्याने आत यायचे. दहा हजार मीटर म्हणजे अशा पंचवीस फेऱ्या. शिक्षक मार्गाच्या कडेला उभा राहून फळ्यावर फेरीची वेळ दाखवतो आणि ओरडून सूचना देतो. धावणारा कंबरेत वाकलेला, मांड्या पेटलेल्या. शिक्षकाचा शब्द त्याला आंधळ्याच्या काठीसारखा.

कॅनडातील व्हँकूव्हरच्या ऑलिंपिकमध्ये २३ फेब्रुवारी २०१० रोजी ही शर्यत झाली. दहाच दिवसांपूर्वी क्रॅमरने ५,००० मीटरांचे सुवर्णपदक मिळवले होते. १०,००० मीटरांचा जागतिक विक्रमही तेव्हा त्याच्याच नावावर होता. हे दुसरे पदक म्हणजे घरचेच, असे त्याच्या देशात सर्वांनी धरून ठेवले होते.

त्याच्या आधी दक्षिण कोरियाचा ली सुंग-हून धावून गेला होता. आखूड मार्गावरच्या शर्यतींसाठी आपल्या देशाच्या संघात निवड न झाल्याने हा तरुण आदल्याच वर्षी लांब मार्गाकडे वळला होता. त्याने बरोबरच्या डच गड्याला पुरी एक फेरी मागे टाकून १२ मिनिटे ५८.५५ सेकंद अशी वेळ नोंदवली होती. शेवटच्या जोडीत क्रॅमर आणि रशियाचा इव्हान स्कोब्रेव्ह. क्रॅमर लीच्या वेळेच्या पुढे होता, आणि आठ फेऱ्या उरल्या होत्या. अदलाबदलीची जागा आली. क्रॅमर बाहेरच्या पट्टीकडे निघाला होता आणि तेच बरोबर होते. तेवढ्यात त्याचे शिक्षक गेरार्ड केमकर्स यांनी हात करून ओरडून सांगितले, आत! क्षणभर तो घुटमळला. मग ऐन वेळी पाय वळवून तो आतल्या पट्टीत शिरला.

हे दृश्य चित्रफितीवर मी अनेकदा पाहिले आहे. प्रत्येक वेळी माझी नजर त्या घुटमळण्यावर खिळते. शरीराला वाट ठाऊक होती. पण विश्वास शरीरापेक्षा बलवान ठरला.

पुढच्या फेऱ्या त्याने तशाच वेगाने मारल्या. १२ मिनिटे ५४.५० सेकंद, म्हणजे लीपेक्षा चार सेकंदांहून अधिक सरस. त्याने हात उंचावले. मग केमकर्स जवळ आले आणि त्यांनी खरे काय ते सांगितले. क्रॅमरने डोळ्यांवरचा चष्मा काढून भिरकावला. सुवर्ण लीला, रौप्य स्कोब्रेव्हला, कांस्य हॉलंडच्याच बॉब दे याँगला मिळाले. पुष्पगुच्छांच्या वेळी स्कोब्रेव्ह आणि दे याँग या दोघांनी लीला खांद्यांवर उचलून घेतले. दुसऱ्याच्या चुकीतून आलेले असले, तरी त्याचे यश उसने नव्हते, हे त्या दोघांनी न बोलता सांगितले.

चूक कोणाची? केमकर्स यांनी ती उघडपणे आपल्या माथी घेतली. ते स्वतः १९८८ साली कॅलगरी येथे ५,००० मीटरांचे कांस्यपदक मिळवलेले. मार्गाचा कण न् कण जाणणारे. क्रॅमरचा प्रथम संताप झाला, आणि तो न होता तरच नवल. पण चार वर्षांपूर्वी तुरीन येथे सांघिक शर्यतीत त्याचाच पाय खुणेच्या ठोकळ्यावर पडून तो कोसळला होता आणि संघाची अंतिम फेरी हुकली होती. एका पावलाची किंमत सोबत्यांना मोजावी लागते, हे त्याला नवे नव्हते.

जनमत म्हणत होते, शिक्षक बदला. त्याने बदलला नाही. महिन्याभरात, मार्च २०१० मध्ये, आपल्या जन्मगावी हेरेनवेन येथे तो पुन्हा जगज्जेता झाला, तेव्हा कडेला केमकर्सच उभे होते. २०१४ साली सोची येथेही तेच होते.

गोष्टीचा शेवट गोड व्हावा, असे सणासुदीला वाटतेच. पण इतिहास फराळाच्या ताटासारखा वाढता येत नाही. सोची येथे १०,००० मीटरांत क्रॅमर दुसरा आला, २०१८ साली सहावा. आणि २०२२ साली त्याने पाती उतरवली, तेव्हा ते एक पदक राहूनच गेले होते. ५,००० मीटरांची सुवर्णपदके मात्र त्याने लागोपाठ तीन ऑलिंपिकमध्ये घेतली, आणि सर्वंकष जगज्जेतेपद नऊ वेळा.

या आकड्यांपुढे मी आदराने मान लववतो. पण मला तो अधिक मोठा वाटतो तो दुसऱ्याच हिशेबाने. ज्याच्या शब्दाने आपले सर्वस्व गेले, त्याच्याच हाकेवर पुढच्या वळणाला पुन्हा पाय टाकायचा, हे धैर्य कोणत्या घड्याळाने मोजावे?