नीळ, प्रकाश आणि सागरचित्रे : इंग्लिश जलरंगचित्रांच्या साक्षीचा विचार

१

लिखित दस्तऐवज हाती आला म्हणजे त्याचा कागद, शाई आणि अक्षराचे वळण यांची परीक्षा केल्यावाचून इतिहासाचा अभ्यासक पुढे जात नाही. चित्राच्या बाबतीत मात्र तो इतका सावध नसतो. चित्राचा विषय, काल व कर्ता यांची चिकित्सा तो करतो; परंतु आज डोळ्यांना दिसणारा रंग हाच चित्रकाराने लावलेला रंग होय, हे बहुधा गृहीत धरून चालतो. हे गृहीत कितपत खरे मानावे, याचा विचार एका मर्यादित क्षेत्रात करावा, असा प्रस्तुत निबंधाचा हेतू आहे. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात इंग्लंडमध्ये जलरंगांत काढली गेलेली सागरचित्रे हे ते क्षेत्र होय.

हे क्षेत्र निवडण्यास दोन कारणे आहेत. सागरचित्रात आकाश व पाणी मिळून कागदाचा बहुतेक भाग व्यापतात, आणि या दोहोंचा प्राण निळ्या व करड्या छटांत असतो; त्यामुळे निळ्या रंगद्रव्यात बदल झाला तर साऱ्या चित्राचा अर्थच बदलतो. दुसरे कारण असे की, त्या काळच्या चित्रकारांनी जी निळी द्रव्ये वापरली त्यांत नीळ हे एक प्रमुख द्रव्य होते, आणि अठराव्या शतकाच्या अखेरीपासून इंग्लंडच्या बाजारात येणारी नीळ मोठ्या प्रमाणावर बंगालच्या मळ्यांतून येत असे. म्हणजे हा प्रश्न केवळ पाश्चात्य कलेचा नसून आपल्या आर्थिक इतिहासाशीही त्याचा संबंध पोहोचतो.

येथे शब्दाविषयी एक खुलासा करणे अवश्य आहे. कपडे धुताना आपण जिला नीळ म्हणतो ती प्रायः कारखान्यात तयार केलेली 'अल्ट्रामरीन' असते. ती खनिज जातीची आहे. प्रस्तुत निबंधात नीळ हा शब्द सर्वत्र वनस्पतीपासून काढलेल्या रंगाच्याच अर्थाने योजिला आहे. दोहोंचे नाव मराठीत एकच असले तरी प्रकाशापुढे त्यांचे वर्तन अगदी भिन्न आहे.

२

समुद्रकिनारा हा चित्रविषय म्हणून इंग्लंडमध्ये एकाएकी पुढे आला नाही. डॉ. रिचर्ड रसेल यांनी इ. स. १७५० मध्ये समुद्राच्या पाण्याच्या औषधी उपयोगावर लॅटिन ग्रंथ लिहिला. त्यानंतर ब्रायटनसारखी गावे श्रीमंतांची आरोग्यस्थाने बनू लागली आणि पूर्वी केवळ कोळ्यांची व खलाशांची असलेली किनारपट्टी प्रवाशांची झाली. पुढे इ. स. १७९३ ते १८१५ या काळातील फ्रान्सबरोबरच्या युद्धांमुळे युरोपचा प्रवास बहुतांशी बंद पडला, तेव्हा चित्रकारांना व त्यांच्या आश्रयदात्यांनाही स्वदेशाच्या किनाऱ्याकडे वळणे भाग पडले. जे. एम. डब्ल्यू. टर्नर (१७७५–१८५१) यांची इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्याची चित्रमाला इ. स. १८१४ ते १८२६ या काळात कोरीव मुद्रणाच्या रूपाने प्रसिद्ध झाली. ती या दुहेरी परिस्थितीचेच फळ होय.

साधनांची प्रगतीही याच सुमारास झाली. जेम्स व्हॉटमन यांच्या गिरणीत अठराव्या शतकाच्या मध्यास जाळीच्या रेषा न उमटणारा, चिंध्यांपासून केलेला व सरसाचा हात दिलेला कागद तयार होऊ लागला. ओला करून घासला, खरवडला तरी त्याचा पृष्ठभाग टिकत असे. पाण्यात सहज विरघळणाऱ्या रंगाच्या वड्या तयार केल्याबद्दल रीव्ह्ज यांना सोसायटी ऑफ आर्ट्सने इ. स. १७८१ मध्ये पारितोषिक दिले. १८३२ मध्ये विन्सर अँड न्यूटन ही पेढी स्थापन झाली व १८३४ मध्ये तिने जस्तापासून केलेला 'चायनीज व्हाइट' बाजारात आणला. १८०४ मध्ये जलरंगचित्रकारांची स्वतंत्र संस्था निघाली आणि तिचे पहिले प्रदर्शन १८०५ मध्ये भरले. तैलचित्रांच्या शेजारी दुय्यम स्थानी टांगली जाणारी चित्रे आता स्वतंत्र दालनात, सोनेरी चौकटींत, भर उजेडात टांगली जाऊ लागली. या शेवटच्या गोष्टीचे महत्त्व पुढे दिसून येईल.

३

जलरंगांत कागदाचा पांढरेपणा हाच प्रकाश असतो. बाभळीच्या जातीच्या झाडांचा डिंक मिसळलेला रंग पाण्यात पातळ करून लावला म्हणजे उजेड त्या थरातून जाऊन कागदावरून परत येतो. लाटेचा फेस, शिडाची कड, ओल्या वाळूवरची चकाकी या गोष्टी रंग लावून नव्हे, तर रंग न लावून किंवा लावलेला काढून दाखवावयाच्या असतात. म्हणून सागरचित्रकाराचे कौशल्य जितके कुंचल्यात असते तितकेच कागद ओला असताना रंग टिपून घेण्यात, वाळल्यावर चाकूने किंवा नखाने खरवडण्यात आणि कोणती जागा कोरी ठेवावयाची हे आधी ठरविण्यात असते.

टर्नर यांची या बाबतीतील कार्यपद्धती एका प्रत्यक्षदर्शी आठवणीमुळे आपणास ठाऊक आहे. इ. स. १८१८ च्या नोव्हेंबर महिन्यात ते यॉर्कशरमधील फार्नली हॉल येथे वॉल्टर फॉक्स यांचे पाहुणे असताना, युद्धनौकेच्या आकाराची कल्पना यावी असे एक चित्र काढण्याची विनंती यजमानांनी केली. फॉक्स यांच्या मुलाने सांगितलेल्या हकीकतीनुसार टर्नर यांनी प्रथम कागद भिजून चिंब होईपर्यंत त्यावर रंग ओतला, मग तो घासला, ओरबाडला, खरवडला. सारा गोंधळच दिसत होता. परंतु हळूहळू त्यातून जहाज आकार घेऊ लागले आणि दुपारच्या जेवणाच्या वेळेपर्यंत चित्र पुरे झाले. सामग्री भरून घेणाऱ्या त्या प्रचंड नौकेचे चित्र आज बेडफर्ड येथील संग्रहात आहे.

रिचर्ड पार्क्स बॉनिंग्टन (१८०२–१८२८) यांची पद्धती याहून निराळी होती. त्यांचे कुटुंब १८१७ मध्ये फ्रान्समध्ये कॅले येथे गेले आणि तेथे लुई फ्रान्सिया यांच्याकडून त्यांनी इंग्लिश जलरंगपद्धतीचे धडे घेतले. नॉर्मंडीच्या किनाऱ्याच्या त्यांच्या चित्रांत खालचे क्षितिज, रुंद वाळवंट आणि एका दमात लावलेले स्वच्छ वॉश दिसतात. तेथे खरवडण्यापेक्षा राखून ठेवण्यावर भर आहे. दोन्ही पद्धतींना एक गोष्ट मात्र समान आहे : रंगाचा थर अत्यंत पातळ असतो. तैलचित्रात रंगकण तेलाच्या जाड थरात दडलेले असतात; जलरंगात ते प्रकाश, हवा व ओलावा यांच्यापुढे जवळजवळ उघडेच पडतात. जलरंगाचे सौंदर्य आणि त्याचे दौर्बल्य यांचे मूळ असे एकच आहे.

४

समुद्रावरील मेघांची करडी छटा काढावयाची असता त्या काळचे चित्रकार बहुधा काळा रंग वापरीत नसत. निळा व तांबडा यांच्या मिश्रणातून ती साधली जाई, आणि नीळ व गेरूच्या जातीचा एखादा तांबडा रंग हे त्यातील एक रूढ मिश्रण होते. नीळ पातळ केली तरी तिच्यात खोली राहते. ती गेरूशी मिळाली म्हणजे पावसाळी ढगाचा नेमका जडपणा येतो. परंतु या मिश्रणातील दोन घटकांचे आयुष्य सारखे नाही. गेरू म्हणजे लोहाची माती. उजेडाने तिला काही होत नाही. नीळ मात्र पातळ थरात उजेडाने विरत जाते. परिणाम असा की, कालांतराने करडा ढग गुलाबी किंवा तांबूस दिसू लागतो आणि निळे पाणी फिकट व पोकळ होते.

टर्नर यांनाही नश्वर रंगांचा मोह टाळता आला नाही. विन्सर यांनी त्यांना याबद्दल हटकले असता, रंग विकणे हे तुमचे काम व ते कसे वापरावयाचे हे माझे, अशा आशयाचे उत्तर त्यांनी दिले, अशी आख्यायिका आहे. ती शब्दशः खरी असो वा नसो, टर्नर यांच्या साहित्याच्या आधुनिक परीक्षणातून त्यांचा टिकाऊपणाविषयीचा निष्काळजीपणा सिद्ध झाला आहे. पर्याय नव्हते असेही नाही. प्रशियन ब्ल्यू अठराव्या शतकाच्या आरंभापासून उपलब्ध होता, थेनार यांचा कोबाल्ट ब्ल्यू १८०२ नंतर आला आणि कृत्रिम अल्ट्रामरीन १८२० नंतरच्या दशकात फ्रान्समध्ये तयार झाली. तरीही नीळ रंगपाटीवर राहिली, कारण तिची छटा हाताला परिचित होती.

५

हा प्रश्न जाहीर वादाच्या रूपाने पुढे आला तो इ. स. १८८६ मध्ये. जे. सी. रॉबिन्सन हे पूर्वी साउथ केन्सिंग्टन येथील संग्रहालयाचे अधिकारी होते. संग्रहालयाच्या भिंतींवर सतत उजेडात राहिल्याने जुनी जलरंगचित्रे नष्ट होत आहेत, असा आरोप त्यांनी 'टाइम्स' पत्रातून केला. जलरंगचित्रकारांच्या संस्थांना हा आघात आपल्या उपजीविकेवरच वाटला. जे चित्र उडून जाणार ते कोण विकत घेणार? त्यांच्या बाजूने जोराचे प्रत्युत्तर आले. रस्किनही या वादात उतरले. टर्नर यांच्या मृत्यूनंतर राष्ट्राकडे आलेल्या सुमारे १९,००० रेखाटनांची व चित्रांची मांडणी त्यांनीच १८५७–५८ मध्ये केली होती व निवडक चित्रे कपाटांत, उजेडापासून दूर ठेवण्याची योजना आखली होती.

वादाचा निकाल मतांनी लागण्यासारखा नव्हता. सरकारच्या विज्ञान व कला खात्याने रसायनशास्त्रज्ञ डब्ल्यू. जे. रसेल आणि प्रकाशलेखनाचे तज्ज्ञ कॅप्टन ॲबनी यांच्याकडे चौकशी सोपविली. त्यांनी रंग लावलेल्या कागदाच्या पट्ट्या काचेच्या नळ्यांत घालून, काही सामान्य हवेत, काही कोरड्या, काही दमट हवेत, तर काही हवा काढून टाकलेल्या नळ्यांत, दीर्घकाळ उन्हात ठेवल्या. त्यांचा अहवाल १८८८ मध्ये प्रसिद्ध झाला. त्याचे सार असे : खनिज रंग वनस्पतिज व प्राणिज रंगांहून पुष्कळ अधिक टिकाऊ आहेत, नीळ व किरमिजी रंग नश्वर आहेत, प्रकाशातील निळे-जांभळे किरण विशेष घातक आहेत, आणि हवा व ओलावा यांच्या अभावी बहुतेक रंग उजेडातही फारसे बदलत नाहीत. दालनातील मंद उजेडात हाच परिणाम होण्यास कितीतरी अधिक काळ लागेल, हेही त्यांनी नमूद केले. त्यामुळे दोन्ही पक्षांना आपापल्या सोयीचा आधार त्यात सापडला. तरी व्यापारावर परिणाम झालाच; १८९२ मध्ये विन्सर अँड न्यूटनने आपल्या रंगांचे घटक व टिकाऊपणा यांची माहिती प्रसिद्ध केली.

प्रयोगशाळेबाहेरचाही एक पुरावा आहे. हेन्री व्हॉन या संग्राहकाने मृत्युपत्राने टर्नर यांची ३८ जलरंगचित्रे एडिंबरोच्या व ३१ डब्लिनच्या राष्ट्रीय कलासंग्रहास दिली. ती १९०० मध्ये तेथे पोहोचली. उजेड सर्वांत कमी असतो त्या जानेवारी महिन्यातच ती विनामूल्य दाखवावीत, अशी त्याची योजना होती. शतकाहून अधिक काळ ती पाळली गेल्याने या चित्रांची ताजेपणाबद्दल ख्याती आहे. एकाच चित्रकाराची सतत टांगलेली चित्रे त्यांच्याशेजारी ठेवून पाहिली, तर काय गमावले याची कल्पना येते.

६

यावरून अभ्यासकाने कोणता बोध घ्यावा? तांबूस आकाश दिसताच ते रंग उडाल्याचे चिन्ह मानणे हे पूर्वीच्या भोळेपणाइतकेच चुकीचे ठरेल. टर्नर यांचा सूर्यास्त पुष्कळदा त्यांनी योजिलेला सूर्यास्तच असतो. निर्णयासाठी स्वतंत्र साक्ष हवी. चौकटीखाली झाकली गेलेली कड ही अशी एक साक्ष होय. तेथे मूळ निळा राहिला असेल तर शंका उरत नाही. दुसरी साक्ष कोरीव मुद्रणांची. दक्षिण किनाऱ्याच्या चित्रमालेतील मुद्रणे मूळ चित्रे ताजी असताना तयार झाली. त्यांत रंग नसला तरी छायाप्रकाशाचे प्रमाण आहे. मुद्रणात जड दिसणारा ढग चित्रात आज पोकळ दिसत असेल, तर मधला काळ त्याला कारणीभूत असण्याचा संभव आहे. मात्र टर्नर स्वतः मुद्रणाच्या कच्च्या प्रतींवर दुरुस्त्या करीत व छायाप्रकाश बदलीत. म्हणून मुद्रण ही निव्वळ नक्कल नव्हे, हेही ध्यानात ठेवले पाहिजे. एका साक्षीने दुसरीची उलटतपासणी करावी, हा दस्तऐवजांचा नियम येथेही लागू आहे.

या विषयाला आपल्याकडे व्यावहारिक महत्त्वही आहे. इ. स. १८५७ मध्ये मुंबईत सर ज. जी. कलाशाळा सुरू झाली आणि तिच्याद्वारे इंग्लिश जलरंगपद्धती येथे रुजली. सावंतवाडीस जन्मलेले सा. ल. हळदणकर (१८८२–१९६८) यांच्यासारखे निष्णात जलरंगकार त्या परंपरेतून निर्माण झाले. रसेल व ॲबनी यांनी ज्या ओलाव्याला दोष दिला तो आपल्या किनारपट्टीवर वर्षातील चार महिने भरून राहिलेला असतो. आज संग्रहालयांत जलरंगचित्रांसाठी सामान्यतः ५० लक्स इतकाच प्रकाश योग्य मानतात; परंतु खाजगी घरांत व संस्थांच्या सभागृहांत खिडकीसमोर टांगलेली चित्रे या नियमाच्या बाहेरच आहेत. आपल्या जलरंगकलेचा इतिहास पुढे ज्यांना लिहावयाचा आहे, त्यांना मूळ रंगांची साक्ष मिळेल की केवळ गेरूची, हे बऱ्याच अंशी आज ही चित्रे कोठे टांगली आहेत यावर अवलंबून आहे. बंगालच्या रयतेने ज्या पिकापायी हालअपेष्टा सोसल्या आणि १८५९–६० मध्ये ज्याविरुद्ध उठाव केला, त्या पिकाचा रंग इंग्लंडच्या चित्रित आकाशातून हळूहळू नाहीसा झाला आहे. तो एकेकाळी तेथे होता, हे सिद्ध करणे हेही इतिहासाचेच काम होय.