दांडा आणि पाचर

सुतारकामाच्या हत्यारांचा इतिहास सांगतांना पात्याचेंच वर्णन फार होतें. तें दांड्यास धरून कसें राहिलें, हें क्वचितच कोणी विचारतो. वस्तुतः सैल दांड्याची विवंचना हत्याराइतकीच जुनी आहे.

१९९१ सालीं आल्प्स पर्वताच्या बर्फांत सुमारें ५३०० वर्षांपूर्वींच्या एका पुरुषाचें शव सांपडलें. त्याच्या कुऱ्हाडीचें तांब्याचें पातें दांड्याच्या खांचेंत भूर्जाच्या सालीच्या डांबरानें चिकटवून वर चामड्याची वादी आवळलेली होती. संगमनेरजवळील जोर्वे येथें मिळालेल्या तांब्याच्या कुऱ्हाडीहि चपट्याच. त्याहि बांधूनच वापरीत असाव्यात.

पुढें पात्यालाच नेढें आलें. घावागणिक ढिली होणारी वादी गेली, पण कोरड्या हवेंत आटणारें लांकूड राहिलें. रानांत लांकूड तोडतांना कुऱ्हाड दांड्यांतून निसटून शेजारी दगावल्यास तोडणाऱ्यानें आश्रयाच्या नगरांत पळून जीव वाचवावा, अशी तरतूद बायबलाच्या ‘अनुवाद’ या ग्रंथांत आहे.

सैल दांडा पाण्यांत भिजविला कीं फुगून घट्ट बसतो खरा. परंतु नेढ्यांत कोंडलेले तंतू त्या फुगण्यानेंच चेंगरतात, आणि वाळल्यावर दांडा पूर्वीहून अधिक सैल होतो. म्हणून जाणता कारागीर दांड्याच्या टोकास चीर पाडून तींत पाचर ठोकतो. तेथें लांकूड फांकतें व पात्यास निसटूं देत नाहीं.

कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ, असें आपण म्हणतों. पाचर नसेल तर तो शेजाऱ्यासहि काळ होतो, एवढी भर त्या म्हणींत घालावयास हरकत नाहीं.