नळाची सोयरीक

कोळसा आगगाडीने येतो, तेल जहाजाने येते. विकणाऱ्याने भाव चढविला तर घेणारा दुसऱ्या बंदराकडे वळतो, आणि विकणाऱ्यालाही दुसरे गिऱ्हाईक शोधता येते. नैसर्गिक वायूचे तसे नाही. जेथे तो जमिनीतून निघतो तेथपासून ज्याच्या घरी तो जळायचा तेथपर्यंत पोलादी नळ घालावा लागतो, आणि एकदा पुरलेला नळ उपटून दुसऱ्याच्या दारी नेता येत नाही. वायू अतिशय थंड करून, द्रवरूपाने जहाजात भरून नेण्याची विद्या आता आली आहे; आपल्या दाभोळला आणि गुजरातेत दहेजला तो तसाच उतरतो. पण आम्ही ज्या काळाची हकीकत सांगणार आहोत, त्या काळी ती विद्या नुकती रांगत होती. तेल घेणे हा बाजारहाट झाला. नळाने वायू घेणे ही सोयरीक आहे. तिला याद्या लागतात, मध्यस्थ लागतात, आणि मानपानावरून रुसवेफुगवे होतात ते वेगळेच.

ही सोयरीक जुळली कोणाकोणात? सोव्हिएट रशिया आणि पश्चिम जर्मनी यांच्यात. दुसऱ्या महायुद्धात रशियाची दोन कोटींहून अधिक माणसे मेली, ती जर्मनीशी लढताना. पुढे जर्मनीचे दोन तुकडे झाले आणि त्यांतला पश्चिमेकडचा अमेरिकेच्या छत्राखाली गेला. अशा दोन घरांत पंचवीस वर्षांच्या आत वायूचा करार व्हावा, ही गोष्ट साधी नव्हे.

आरंभ वायूपासून झालाच नाही. तो नळापासून झाला. रशियाजवळ तेल आणि वायू उदंड, पण रुंद व्यासाचे मजबूत नळ पुरेसे बनत नव्हते. जर्मनीच्या रूऱ खोऱ्यातील कारखाने ते उत्तम बनवीत. १९६२ साली तीन जर्मन कंपन्यांनी रशियाला सुमारे १ लाख ६३ हजार टन नळ विकण्याचा करार केला. त्याच वर्षी नोव्हेंबरात ‘नाटो’ने ठराव केला की, १९ इंचांहून रुंद नळ रशियाला देऊ नयेत. कारण असे दिले की, हे नळ पूर्व युरोपकडे येणाऱ्या तेलवाहिनीत जातील आणि तिचे तेल लाल सेनेच्या रणगाड्यांत जाईल. स्वस्त रशियन तेलाची धास्ती पाश्चात्त्य तेल कंपन्यांनाही होती, हे येथे विसरून चालणार नाही. इंग्रजांनी हा ठराव मानला नाही. जर्मनीचे वृद्ध पंतप्रधान आडेनौर यांनी मात्र मानला आणि झालेले करारही मोडायला लावले. १९६३ च्या मार्चमध्ये जर्मन लोकसभेत ही बंदी उठविण्याइतकी मते जमत आहेत असे दिसताच आडेनौर यांचा पक्ष सभागृहातून उठून गेला. गणसंख्या पुरी पडेना आणि बंदी राहिली! आपल्याकडील नगरपालिकांच्या सभांतून हा डाव पाहिलेल्यांना त्यात नवल वाटणार नाही.

बंदीने साधले काय? तेलवाहिनी थोडी रखडली, पण १९६४ साली पुरी झाली. उरल पर्वताकडील चेल्याबिन्स्कच्या कामगारांनी रुंद नळ स्वतःच तयार केले आणि त्यांवर आडेनौर यांना उद्देशून खडूने टोमणा लिहिला, अशी कथा सांगतात. १९६६ साली बंदी गुपचूप उठली. जर्मन कारखानदारांची मोठी मागणी बुडाली आणि मनात सल राहिला.

पुढची चाल लहानशा ऑस्ट्रियाने केली. तो देश तटस्थ, कोणत्याही गोटात नाही. १ जून १९६८ रोजी त्याच्या तेल कंपनीने रशियन वायूचा करार केला. वायू यायचा तो झेकोस्लोव्हाकियातून. २१ ऑगस्टला त्याच झेकोस्लोव्हाकियात रशियाचे रणगाडे घुसले. सारे जग हळहळले, निषेधाचे ठराव झाले. आणि १ सप्टेंबरला, म्हणजे अवघ्या अकरा दिवसांनी, ठरल्याप्रमाणे बाउमगार्टन येथे वायू ऑस्ट्रियाच्या हद्दीत शिरला. त्या दिवशी व्हिएन्नाच्या अधिकाऱ्यांना काय वाटले असेल? आम्हांला वाटते, लाज आणि समाधान ही दोन्ही एकाच वेळी वाटली असतील. या साऱ्या इतिहासात हीच जोडी पुनःपुन्हा भेटते.

जर्मनीतही वारे फिरले होते. बव्हेरिया प्रांत कोळशाच्या खाणींपासून दूर. तेथे इंधन महाग पडे, म्हणून तेथील अर्थमंत्री ओटो शेड्ल रशियन वायूसाठी आधीपासून खटपट करीत होते. गंमत अशी की, ते कट्टर साम्यवादविरोधी पक्षाचे! १९६९ च्या वसंतात हानोव्हरच्या औद्योगिक प्रदर्शनाच्या निमित्ताने रशियाचे व्यापारमंत्री पातोलिचेव्ह जर्मनीचे अर्थमंत्री कार्ल शिलर यांना भेटले आणि बोलणी सुरू झाली. त्याच वर्षी ऑक्टोबरात विली ब्रांट पंतप्रधान झाले. १ फेब्रुवारी १९७० रोजी एसेन शहरातील एका हॉटेलात तीन कागदांवर सह्या झाल्या. पहिल्याने जर्मनीने १२ लाख टन रुंद नळ द्यायचे. दुसऱ्याने जर्मन बँकांनी त्यासाठी १२० कोटी मार्क कर्ज द्यायचे. तिसऱ्याने रशियाने १९७३ पासून वीस वर्षे वायू द्यायचा, पुढे वाढत वर्षाला ३ अब्ज घनमीटरपर्यंत, आणि त्याच्या किमतीतून कर्ज फिटायचे. रशियाच्या तिजोरीतून रोकड फारशी हलली नाही. जर्मन सावकाराच्या पैशाने जर्मन नळ, आणि त्याची फेड सैबेरियाच्या पोटातून!

जर्मनी व रशिया यांच्यातील प्रसिद्ध मॉस्को करार, ज्यात दोघांनी बळाचा वापर न करण्याचे आणि युद्धोत्तर सरहद्दी मानण्याचे वचन दिले, तो झाला १२ ऑगस्ट १९७० ला, म्हणजे या व्यापारी करारानंतर सहा महिन्यांनी. एरवी आधी तह होतो आणि मागाहून व्यापारी येतात. येथे व्यापारी पुढे गेले व वाट पक्की आहे असे पाहून मुत्सद्दी मागून आले. १ ऑक्टोबर १९७३ ला वायू जर्मनीत पोचला. त्याच महिन्यात अरब राष्ट्रांनी तेल रोखले आणि युरोपला ही सोयरीक अधिकच गोड वाटू लागली.

आता कथेतील मोठा तंटा. गंमत अशी की, तो शत्रूंत झाला नाही, मित्रांत झाला. पश्चिम सैबेरियातील उरेनगोय येथे वायूचे प्रचंड साठे सापडले होते. तेथून उझगोरोदपर्यंत सुमारे ४,४५० किलोमीटर लांब नळ घालण्याचे ठरले. मुंबईहून नागपूरमार्गे कलकत्त्यास जाऊन परत यावे, त्याहूनही हे अंतर अधिक. वायू इतका दूर आपल्या पायांनी जात नाही. त्याला वाटेत पुनःपुन्हा दाबून ढकलावे लागते. त्यासाठी चाळीसएक केंद्रे आणि त्यांत टर्बाइने. ती पुरविण्याची कंत्राटे इंग्लंड, जर्मनी, इटली व फ्रान्समधील कंपन्यांनी घेतली. पण टर्बाइनचा फिरता गाभा, ज्याला रोटर म्हणतात, तो अमेरिकन जनरल इलेक्ट्रिक कंपनीचा, नाही तर तिच्या परवान्याने बनलेला. कुलूप युरोपचे, किल्ली अमेरिकेची.

१३ डिसेंबर १९८१ ला पोलंडमध्ये लष्करी कायदा पुकारला गेला. अध्यक्ष रेगन यांनी त्याचा ठपका मॉस्कोवर ठेवून अमेरिकन यंत्रसामग्री रोखली. एवढ्यावर भागले असते. पण १८ जून १९८२ रोजी, परराष्ट्रमंत्री हेग गावी नसताना, असा हुकूम निघाला की युरोपातील कंपन्यांनीही अमेरिकन परवान्याची यंत्रे रशियाला देऊ नयेत. आठवड्याने हेग यांनी राजीनामा दिला. अमेरिकेचे म्हणणे दुहेरी होते: या वायूने रशियाला डॉलर मिळतील आणि युरोपची मान रशियाच्या हाती जाईल. युरोपचे उत्तर असे की, आमच्या वायूत रशियाचा वाटा आम्ही तीस टक्क्यांच्या आसपास ठेवू. आणि तुम्ही तर गेल्याच वर्षी रशियावरील धान्यबंदी उठवलीत! तुमच्या शेतकऱ्याचा गहू तो बाब्या आणि आमच्या कामगाराचे टर्बाइन ते कार्टे! भरीस भर म्हणजे जुलैअखेर रेगन यांनी रशियाशी असलेला धान्यकरार आणखी एक वर्ष वाढवला.

सर्वांत मौज थॅचरबाईंची. रेगन यांच्या त्या जिवलग. फॉकलंडच्या युद्धात अमेरिकेने नुकताच त्यांना हात दिलेला. पण स्कॉटलंडच्या जॉन ब्राउन कारखान्यातील लोकांच्या पोटावर पाय येतो असे दिसताच त्यांनी इंग्रज कंपन्यांना कायद्याने बजावले की, परक्या सरकारचा हुकूम मानू नका. फ्रेंच सरकारने तर एका अमेरिकन कंपनीच्या फ्रान्समधील शाखेला हुकूम सोडून यंत्रे ल हाव्र बंदरातून रशियन जहाजावर चढवायला लावली. शेवटी नवे परराष्ट्रमंत्री शुल्त्झ यांनी तोड काढली आणि १३ नोव्हेंबर १९८२ ला रेगन यांनी निर्बंध उठवले. बदल्यात युरोपने रशियाशी व्यापार सावधपणे करण्याचे मान्य केले, असे त्यांनी जाहीर केले. त्याच दिवशी फ्रान्सने सांगितले की, असे आम्ही काही मान्य केलेले नाही. नळ १९८३ साली पुरा झाला.

या तंट्यात बरोबर कोण? आमचे मत असे की, त्या वेळेपुरता युरोप बरोबर होता. अफगाणिस्तान, पोलंड, क्षेपणास्त्रे, काय काय झाले. तरी राजकारणासाठी मॉस्कोने त्या देशांचा वायू तोडला नाही. डॉलरची गरज तिला वायूच्या गरजेइतकीच होती; गाठ दोन्ही बाजूंनी आवळलेली होती. अमेरिकेचे भय अकाली होते, पण खोटे नव्हते. त्या धास्तीतून निदान एक शहाणपण निघाले: नॉर्वेच्या ट्रोल क्षेत्रातील वायूसाठी १९८६ मध्ये करार झाले. पुढे मात्र तीस टक्क्यांची मर्यादा कोणाच्या लक्षात राहिली नाही.

१९९१ साली सोव्हिएट संघ फुटला आणि त्याच नळाचा मधला भाग युक्रेनच्या मालकीचा झाला. वाटखर्च व भाव यांवरून २००६ आणि २००९ च्या जानेवारीत खटके उडाले. दुसऱ्या वेळी बल्गेरिया व स्लोव्हाकिया भर हिवाळ्यात गारठले. मधला सोयरा नको म्हणून रशिया व जर्मनी यांनी बाल्टिक समुद्राखालून थेट नळ घातला. तो २०११ साली सुरू झाला. २०२१ पर्यंत जर्मनीच्या वायुआयातीत रशियाचा वाटा निम्म्याहून अधिक झाला होता. २४ फेब्रुवारी २०२२ ला रशियाने युक्रेनवर स्वारी केली. मागोमाग वायू आटला आणि २६ सप्टेंबरला समुद्राखालचे नळ स्फोटांनी फुटले. त्याचे हादरे आपल्यापर्यंतही पोचले. रशियन कंपनीच्या ज्या शाखेशी भारताच्या ‘गेल’चा द्रववायूचा दीर्घ करार होता, ती जर्मन सरकारने ताब्यात घेतल्यावर ठरलेली जहाजे आपल्याकडे येईनाशी झाली, आणि आपल्या काही कारखान्यांना वायू कमी पडला.

एवढे युद्ध चालू असताना जुन्या नळातून, लढणाऱ्या युक्रेनच्याच भूमीतून, रशियन वायू युरोपला जातच होता. करार होता आणि वाटखर्च मिळत होता. तो १ जानेवारी २०२५ ला बंद झाला. सरहद्दीवरील सुजा गावी, जेथे हा वायू मोजला जाई, तेथे तेव्हा युक्रेनचे सैन्य ठाण मांडून होते. मार्च महिन्यात रशियाचे काही शे सैनिक सुमारे पंधरा किलोमीटर त्या रिकाम्या नळातून वाकून चालत गेले आणि त्या ठाण्याच्या पिछाडीस बाहेर पडले. नळाचा व्यास होता १.४२ मीटर.