करविभागातील विदाभंगाची सूचना

करदात्याची गोपनीय माहिती अनधिकृत हाती गेल्यास किंवा जाण्याचा धोका दिसल्यास तो प्रसंग सक्षम यंत्रणेला कळविण्याची प्रक्रिया. भारतात ही यंत्रणा म्हणजे माहिती तंत्रज्ञान कायदा, 2000 च्या कलम 70ब खालील ‘सर्ट-इन’. तिच्या 28 एप्रिल 2022 च्या निर्देशांनुसार घटना लक्षात आल्यापासून 6 तासांत कळवावी लागते व संगणकीय नोंदी 180 दिवस जपाव्या लागतात. सरकारी कार्यालयेही यातून सुटत नाहीत. त्यामुळे नेरूळमधील सारसोळे गावच्या रहिवाशाचे आयकर विवरणपत्र असो वा नवी मुंबई महानगरपालिकेकडील मालमत्ता कराची नोंद, नियम एकच.

2025 मध्ये आयकराच्या ई-फायलिंग संकेतस्थळावरील दोष सुरक्षा संशोधकांनी उघड केला. लॉग-इन केलेल्या व्यक्तीला विनंतीतील पॅन क्रमांक बदलून दुसऱ्याचा पत्ता, दूरध्वनी, बँक खाते दिसू शकत होते. सर्ट-इनला कळविल्यानंतर ऑक्टोबरमध्ये तो दुरुस्त झाला. असा दोष सद्हेतूने दाखवणाऱ्याला निर्धास्त वाटेल असे स्पष्ट कायदेशीर संरक्षण भारतात नाही. ही उणीव गंभीर आहे.

सर्ट-इनला कळविले, तरी करदात्याला कळतेच असे नाही. डिजिटल व्यक्तिगत विदा संरक्षण कायदा, 2023 ने बाधित व्यक्तीस व विदा संरक्षण मंडळास कळविणे बंधनकारक केले. कसुरीस 200 कोटी रुपयांपर्यंत दंड आहे. त्याचे नियम नोव्हेंबर 2025 मध्ये अधिसूचित झाले, मात्र या तरतुदीच्या अंमलासाठी 18 महिन्यांची मुदत दिली गेली.