यकृताची मोजणी

टेंभुर्णीच्या एसटी स्टँडवर कुर्डुवाडी-बार्शीच्या गाडीला उभ्या असलेल्या गर्दीत मोठा लिफाफा छातीशी धरलेला एकजण हमखास दिसतो. लिफाफा पिशवीत मावत नाही आणि दुमडू नका असं बजावलेलं असतं. आत सीटी स्कॅनच्या फिल्मा. एक्स-रे असो, सोनोग्राफी असो, सीटी असो, आपल्याकडे सगळ्याला नाव एकच: फोटो. कॅन्सर म्हटलं की सोलापूर जिल्ह्याला बार्शी आठवते. नर्गिस दत्त यांच्या नावाचं रुग्णालय तिथलं, आणि देशातली पहिली ग्रामीण कॅन्सर नोंदणीही १९८७ साली तिथंच सुरू झाली. आमचे तात्या मात्र पुण्याला जायचे, कारण लेक पुण्यात. मोठ्या आतड्याचं ऑपरेशन झालेलं. पुढं एका फोटोत लिव्हरवर डाग दिसला. ‘लिव्हरला गेलंय,’ एवढंच घरी सांगितलं गेलं.

लिफाफ्यातल्या रिपोर्टमध्ये त्या डागाचं माप मिलिमीटरमध्ये असतं. या मापाचं कूळ शोधत मागं गेलं की यंत्र ओलांडून आपण माणसाच्या बोटापाशी पोचतो.

फोटो नव्हते तेव्हा लिव्हर हातानं मोजत. रोग्याला उताणं झोपवायचं, गुडघे दुमडायला लावायचे आणि म्हणायचं, मोठा श्वास घ्या. श्वासाबरोबर यकृत खाली सरकतं आणि उजव्या बरगडीखाली टेकवलेल्या बोटांना त्याची कड लागते. ‘लिव्हर दोन बोटं लागतंय’ असं डॉक्टर अजूनही केसपेपरवर लिहितात. बोट कुणाचं, जाडं की बारीक, हे विचारायचं नसतं! आत गाठी असल्या तर कड खडबडीत लागे. औषधानंतर चार बोटांची दोन झाली, की औषध लागू पडलं.

हा हिशोब कितपत पक्का, हे १९७६ साली अमेरिकेत मोर्टेल आणि हॅनली या दोघांनी तपासलं. त्यांनी बारा गोळे मऊ गादीवर मांडले, वर अर्धा इंच जाडीचा फोम पसरला आणि सोळा अनुभवी कॅन्सरतज्ज्ञांना वरून चाचपून मापं घ्यायला सांगितली. गोळ्यांच्या दोन जोड्या हुबेहूब एका मापाच्या होत्या. तज्ज्ञांना ते सांगितलं नव्हतं. त्या सारख्या गोळ्यांचीही मापं वेगवेगळी आली. लांबी-रुंदीचा गुणाकार पाव हिश्शानं घटला की ‘गाठ कमी झाली’ म्हणायचं ठरवलं, तर चार-पाच वेळांत एकदा मुळीच न घटलेली गाठ घटल्याची नोंद होणार होती. निम्म्यानं घटला तरच म्हणायचं ठरवलं, तर चूक दहात एकीच्याही खाली येत होती. निम्म्याची अट राहिली. जागतिक आरोग्य संघटनेच्या १९७९च्या नियमांतही तीच आहे.

तोवर सीटी आलेलं होतं. ज्या ईएमआयच्या एचएमव्ही छापाच्या तबकड्या आपल्या घरोघरी वाजल्या, त्याच कंपनीतल्या गॉडफ्रे हाउन्सफील्ड या इंजिनिअरनं ते घडवलं. त्याचा पहिला सांगाडा लेथ मशीनच्या बेडवर उभा केलेला होता. १ ऑक्टोबर १९७१ रोजी लंडनच्या ॲटकिन्सन मॉर्ली रुग्णालयात पहिल्या रोग्याचा मेंदू त्यात दिसला, आणि १९७९ साली ॲलन कॉर्मॅक यांच्यासोबत त्याला नोबेल मिळालं. पोटाचे फोटो निघायला लागल्यावर गाठ चाचपायची गरज उरली नाही, ती दिसूच लागली.

मग नियम बदलले का? बदलले, पण बेतानं. २००० साली नवे निकष आले: निवडलेल्या गाठींची सर्वांत मोठी लांबी घ्यायची, त्यांची बेरीज करायची आणि ती तीस टक्क्यांनी घटली तर औषध लागू. तीसच का, हे एका गुणाकारात कळतं. लांबी सत्तर टक्के उरली आणि रुंदीही तेवढीच उरली, तर सात साते एकोणपन्नास. म्हणजे निम्मंच. फोमखाली चाचपडणाऱ्या बोटांची चूक झाकायला घातलेली अट आज लाखो रुपयांच्या यंत्राच्या रिपोर्टात जशीच्या तशी नांदते आहे. मला याची गंमत वाटते, आणि थोडी धास्तीही.

गाठ केवढी, याइतकंच ती कुठं आहे हे बघावं लागतं. हे टेंभुर्णीच्या माणसाला चित्राशिवाय कळेल. उजनी धरणाचा कालवा, त्याच्या चाऱ्या, पोटचाऱ्या. कुठलं रान कुठल्या चारीवर भिजतं हे इथं पोराटोरांना पाठ असतं. यकृत बाहेरून उजवा-डावा असे दोन भाग दाखवतं, पण तो देखावा आहे. फ्रान्सच्या क्लोद क्विनो यांनी प्रेतांच्या यकृतांतल्या नळ्यांत प्लॅस्टिक भरलं आणि मांस विरघळवून टाकलं. मागं उरलं ते नळ्यांचं झाड. त्यावरून १९५७च्या ग्रंथात त्यांनी यकृताचे आठ भाग पाडले. प्रत्येकाची रक्त आणणारी चारी स्वतंत्र, आणि निचऱ्याच्या शिरा दोन भागांच्या मधून, बांधालगतच्या ओढ्यासारख्या. रिपोर्टातला ‘सेगमेंट ६’ म्हणजे हा गट नंबर.

आतड्यातलं रक्त आधी यकृतात येतं, म्हणून आतड्याचा कॅन्सर बहुधा तिथंच आधी उगवतो. यकृताला तीन चतुर्थांश रक्त या आतड्याकडच्या शिरेतून मिळतं, पण अशा गाठी पोसल्या जातात मुख्यतः धमनीवर. हातात टोचलेलं औषध साधारण सत्तर सेकंदांनी त्या शिरेतून यकृतभर पसरतं, तेव्हा फोटो काढतात. निरोगी भाग उजळतो, गाठ काळी राहते. भिजलेल्या रानात कोरडा तुकडा उठून दिसावा तशी.

पूर्वी सर्जन विचारायचे, गाठी किती आणि केवढ्या? तीन-चारच्या वर असल्या की पुष्कळदा नकार यायचा. आता विचारतात, काढल्यावर उरेल किती? निरोगी यकृताचा पाव हिस्सा उरला तरी बहुधा भागतं, मात्र उरलेल्याची चारी आणि ओढा शाबूत हवा. उरणारा भाग कमी भरत असेल तर काढायच्या भागाची चारी आधी बंद करतात. सगळं पाणी दुसरीकडे वळतं आणि तो भाग काही आठवड्यांत वाढतो. ही युक्ती १९८०च्या दशकात जपानी सर्जननी रुळवली.

फोटोवर किती विसंबायचं, यालाही मर्यादा आहे. केमोनंतर काही डाग फोटोतून नाहीसे होतात. २००६ साली फ्रेंच सर्जननी असे ६६ डाग तपासले, तर ५५ ठिकाणी रोग शिल्लक होता किंवा लवकरच परत आला. हराळी फवारणीनं वरून जळते, ती मेली असं आपण मानत नाही. म्हणून पहिला फोटो जपून ठेवायचा असतो; डाग कुठं होता हे नंतर त्यालाच ठाऊक असतं.

तात्यांनी तो पत्र्याच्या ट्रंकेत ठेवलेला, सातबाऱ्यांच्या आणि उजनीत गेलेल्या जमिनीच्या कागदांच्या खाली. एकदा तो घरीच राहिला आणि पुण्याची खेप वाया गेली. पुढच्या खेपेला दोन्ही फोटो शेजारी लागले. आधी ४१ मिलिमीटर, आता २९. तात्यांनी तिथंच हिशोब केला: बारा कमी, शेकडा एकोणतीस. रिपोर्टात शब्द होता ‘स्टेबल डिसीज’, म्हणजे फरक नाही. एका मिलिमीटरनं हुकलं होतं.

“मोजणीदारानं बांध सरकवला की हो,” तात्या म्हणाले.

सर्जननं तो शब्द वाचला की नाही कुणास ठाऊक. त्यांनी फिल्म उजेडाला धरली, सहा नंबरच्या चारीवर बोट ठेवलं, आणि पाच, सात, आठ शाबूत आहेत का ते त्याच बोटानं मोजत गेले.