सिंहाच्या डोक्याचा स्कॅन: सीटी की एमआरआय?

प्राणिसंग्रहालयातला सिंहाचा छावा चालताना झोकांड्या खातोय, मान एका बाजूला कललीय, डोकं थरथरतंय. बाहेरून जखम दिसत नाही. मग बिघाड कुठे आहे?

एक शक्यता म्हणजे ‘अ’ जीवनसत्त्वाची कमतरता. मार्जारकुळातले प्राणी बीटा-कॅरोटीनपासून हे जीवनसत्त्व बनवू शकत नाहीत. जंगलात ते भक्ष्याच्या यकृतातून मिळतं, पिंजऱ्यात नुसतं मांस घातलं तर कमी पडतं. वाढत्या वयात कवटी आतून झिजत आणि बाहेरून भरत मोठी होते. आतली झीज मंदावली की हाड जाड होतं, मागच्या बाजूच्या लहान मेंदूला जागा पुरत नाही आणि तो कवटीच्या तळाच्या छिद्रातून खाली ढकलला जातो.

एमआरआय असताना सीटी कशाला, असं मला आधी वाटायचं. पण दोघांचं काम वेगळं आहे.

सीटी: क्ष-किरणांमुळे हाड स्पष्ट दिसतं. काही मिनिटांत कवटीची जाडी मिलिमीटरमध्ये मोजता येते.

एमआरआय: शरीरातल्या हायड्रोजनचे सिग्नल टिपून मऊ भाग दाखवतं. लहान मेंदू किती सरकला, मज्जारज्जूत द्रवाची पोकळी झाली का, हे इथे कळतं. पण वेळ जास्त लागतो, म्हणजे भूलही जास्त वेळ द्यावी लागते. शिवाय तीव्र चुंबकामुळे साधा लोखंडी ऑक्सिजन सिलिंडर खोलीत नेता येत नाही.

फाइल माणसांच्या स्कॅनसारखीच, डायकॉम फॉरमॅटमध्ये असते. पण माणसांचे ‘नॉर्मल’ आकडे इथे लावायचे नाहीत. तुलना त्याच वयाच्या निरोगी सिंहाशीच करायची.

यावरून पुढचा निर्णय ठरतो. दाब कमी असेल तर आहार सुधारून आणि जीवनसत्त्व देऊन फरक पडू शकतो. जास्त असेल तर मागचं हाड काढून जागा करावी लागते. इस्राएलमध्ये सिंहावर अशी शस्त्रक्रिया झाली आहे.

मात्र स्कॅन म्हणजे सगळं निदान नव्हे. कॅनाइन डिस्टेंपर विषाणूमुळेही सिंहाचा तोल जातो, त्यासाठी पीसीआरसारखी चाचणी लागते. आणि ‘अ’ जीवनसत्त्व जास्त झालं तरी अपायच होतो, त्यामुळे अंदाजाने डोस देणं धोक्याचं. स्कॅनमध्ये दिसतो तो परिणाम. कारण अनेकदा रोजच्या खाण्यात सापडतं.